रिकामा डावा हात

९ जानेवारी २०२५, गुरुवार

अक्षराने ही वही आणून दिली. म्हणाली, "अप्पा, प्रत्येक वाइनचा वास तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. पुस्तकातले शब्द मला पाठ आहेत, पण चेरी अन् ब्लॅकबेरी म्हणलं तर आपल्या लोकांना काय कळणार?" खरं आहे. मलाही कळणार नाही.

वही कोणाची ते आधी लिहितो. विरूपाक्ष हलकुडे, वय त्रेसष्ट. उदगीरला करडईचा घाणा होता, तो मोडून आता लातूरला मुलीकडे राहतो. चाळीस वर्षं तेल नाकाने पारखलं. दहा डब्यांतल्या कुठल्या डब्यात सरकीचं तेल मिसळलंय ते झाकण निघताच सांगायचो. मोंढ्यात म्हणायचे, विरूपाक्षअप्पाचं नाक कोर्टात साक्षीला चालेल. मला ते ऐकायला आवडायचं.

अक्षरा आठ वर्षं नाशिकला वाइनच्या कारखान्यात होती. आता तिने इथे सहली काढायचं ठरवलंय. दर रविवारी सकाळी लातूरहून गाडी निघेल, तळ्याकाठच्या तीन छोट्या वायनरी, मधे भाकरी-पिठल्याचं जेवण, दिवेलागणीला परत. नातेवाईक नाकं मुरडून राहिलेत. गळ्यात लिंग असलेल्या लिंगायत घरची मुलगी दारू पाजत फिरते म्हणतात. मीही महिनाभर बोललो नव्हतो तिच्याशी. पण माझी बायको जगदेवी जाऊन पाच वर्षं झाली, मुलीशी अबोला धरून मी बोलणार कोणाशी?

वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. पारखणारे गिळत नाहीत, असं अक्षरा म्हणते. मग हरकत नाही. तेलही मी असंच चाखलं. आमच्या घराण्यात कोणी दारूला शिवलेलं नाही. एक सोडून.

१२ जानेवारी, रविवार

पहिली सहल. अकरा माणसं, बहुतेक नांदेडची. गाडी बजरंग चालवतो. अहमदपूरच्या पुढे गाडी आत वळली तेव्हा मी विचारलं, "कोणतं तळं?"

"सावरगावचं, अप्पा. सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं असेल. मी तळं एवढंच ऐकलं होतं. सावरगावला आमचं वडिलोपार्जित शेत होतं. धरण झालं, शेत पाण्याखाली गेलं. अक्षरा तेव्हा चार वर्षांची होती, तिला ते माहीत नाही. त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नव्हतो.

दोन वायनरी अलीकडच्या काठाला आहेत. तिसरी नरसिंग पाटलांची, अगदी पाण्याला लागून. ओसरीत टेबलं मांडलीत, समोर तळं. पाण्यातून एका चिंचेचा वाळका शेंडा वर आलाय. ती आमच्याच बांधावरची चिंच. तिच्या उगवतीला वीस पावलांवर माझा भाऊ मृत्युंजय बसलेला आहे. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात.

वास लिहायचे म्हणून लिहितो. पहिली पांढरी: कच्ची कैरी, ओला चुना. दुसरी लाल: जांभूळ, भिजलेलं पोतं. तिसरी, नरसिंगची: मिरीची पूड, गुळाची काहील. लोकांना हे फार आवडलं. "ओला चुना" म्हटल्यावर एका बाईने पुन्हा ग्लास मागून घेतला. अक्षराच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी असं हसू पाहिलं.

घोट तोंडात घेण्याआधी मी लिंगाची चांदीची डबी मानेवरून फिरवून पाठीवर टाकतो. त्याला दिसायला नको. थुंकून झालं, चूळ भरली की पुन्हा पुढे घेतो. बजरंग ते पाहून हसत होता, हसू दे.

एक गोष्ट मात्र खटकली. जो वास येईल म्हणून मी सकाळपासून धास्तावलो होतो, तो तिन्ही ठिकाणी आला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

लिहूनच टाकतो, वही माझीच आहे.

मृत्युंजय माझा धाकटा भाऊ. मी अठ्ठावीसचा होतो, तो बावीसचा. वडील गेलेले, घाणा आणि घर माझ्या हातात. चांगला पोरगा होता. घाण्यावर बसून पोवाडे म्हणायचा. नव्वद सालच्या उन्हाळ्यात तो दारू प्यायला लागला.

कसं कळलं ते लिहितो, म्हणजे मी उगाच आळ घेतला असं वाटायला नको. दोन महिन्यांत अर्धा झाला. भाकरी ढीगभर खायचा आणि अंगाला लागायची नाही. पाणी पाणी करायचा, घागर तोंडाला लावायचा. दिवसभर मोरीकडे खेपा. तो जाऊन आला की मोरीत मुंगळ्यांची रांग लागायची, जगदेवी वैतागायची. मग चालताना तोल जायला लागला, बोलणं जड झालं, ओकाऱ्या. आणि तोंडाला वास. गोडसर, आंबूस, नाकात चढणारा. मी तोपर्यंत दारू हुंगली नव्हती. पण आमच्या घरात जो वास आजवर नव्हता, तो दुसरा कशाचा असणार?

जगदेवी म्हणाली होती, "मला तर पिकून गेलेल्या पेरूवानी येतो." मी म्हणालो, तुला काय कळतं वासातलं?

चारचौघांसमोर विचारलं त्याला. त्याने गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. रोज पूजेला घेतो तसं. म्हणाला, "अण्णा, लिंगाची आण. थेंब न्हाई घेतला." आणि बोलताना तोच वास.

पिण्याचं मी एक वेळ पोटात घातलं असतं. लिंग हातात घेऊन खोटं बोलला, ते मला सहन झालं नाही. मी त्याच्या तळहातावरून ते उचललं. "खोट्या हातात हे ऱ्हाणार न्हाई," म्हणालो. आणि उतरेपर्यंत राहा म्हणून त्याला पेंडीच्या गोदामात घालून कडी लावली. आतून पाणी मागत होता. जगदेवी तांब्या घेऊन निघाली, मी अडवलं. दारू पाण्याने चढते, असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा तो गेला होता. दारूने काळीज जळालं असेल, असं लोक म्हणाले.

सावरगावच्या शेतात बसवला. बसवताना ज्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, म्हणजे तो त्याच्यासकट जातो. विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी लिंगासाठी हात पुढे केला. मी सांगितलं, लिंग हरवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं.

ते लिंग माझ्याजवळ आहे. फडक्यात बांधून, घाण्यावरच्या एका रिकाम्या डब्यात. घर बदललं, डबा बरोबर आला.

१९ जानेवारी, रविवार

आज चौदा माणसं. मी पांढरी, लाल, गुलाबी, गोड, सगळ्या हुंगल्या. जिच्यात फेस येतो तीही. तो वास नाही.

नरसिंगला बाजूला घेऊन विचारलं, "पाटील, गोडसर अन् आंबूस, नाकात चढणारी, अशी कोणती असते?"

"कोण पेत होतं, अप्पा?"

"होता एक ओळखीचा."

"मंग ती वाइन नसंल. गावाकडं कोण वाइन पेतंय? हातभट्टी असंल, न्हाईतर शिंदी."

बरोबर. नव्वद साली उदगीरला वाइन कुठली? मी उगाच तो वास वाइनमध्ये शोधत होतो. जीव थोडा भांड्यात पडला.

परत येताना गाडी दोनदा थांबवावी लागली, पाण्याच्या बाटलीसाठी एकदा आणि दुसऱ्यांदा त्याच्या उलट कामासाठी.

२७ जानेवारी, सोमवार

काल प्रजासत्ताक दिन, सहल नव्हती. आज अक्षरा बाहेर गेल्यावर बजरंगला घरी बोलावलं. त्याने औषधाच्या बाटल्यांत तीन नमुने आणले: देशी, हातभट्टी आणि देगलूरकडची शिंदी. चेहरा गंभीर ठेवून म्हणाला, "अप्पा, लागलीच इतकी प्रगती केली काय?"

मी तिन्ही हुंगल्या. देशी: स्पिरिट आणि जळकी साखर. हातभट्टी: नवसागर, ओला गूळ. शिंदी: आंबलेलं इडलीचं पीठ.

एकही नाही. नाक म्हातारं झालंय म्हणावं, तर मोंढ्याकडून वारा आला की मला अजून घरात बसून कळतं, कुठली पोती उतरली ती.

बजरंगने विचारलं, "पस्तीस वर्षामागचा वास ध्यानात ऱ्हातो व्हय?"

राहतो.

९ फेब्रुवारी, रविवार

तळ्याचं पाणी हातभर उतरलंय. चिंचेच्या दोन फांद्या दिसायला लागल्या.

मला आता दिवसभर तहान लागते. सावरगावला पहिल्यांदा गेलो तेव्हापासून. घरी माठ माझ्या खोलीत आणून ठेवलाय. घोट घशाखाली गेला की वाटतं, हा मी नाही प्यायलो, दुसऱ्याच कोणाला तरी पाजला. तो मागून राहिलाय हे मला कळतं. मी त्या दिवशी तांब्या अडवला होता.

धोतराचा काष्टा ढिला होतो. बनियन खांद्यावरून उतरतं. अक्षरा म्हणते, दगदग होते तुम्हाला, सोडून द्या. पण आरशात पाहिलं की मान तशीच दिसते, शेवटच्या दिवसांत त्याची होती तशी. आम्हा दोघांच्या चेहऱ्यात साम्य आहे असं आई म्हणायची, मला ते कधी पटलं नव्हतं.

काल न्हाणीघरात मुंगळे दिसले. मी ते पाण्याने धुऊन काढले आणि अक्षराला सांगितलं नाही. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही आणि माझाही नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार



नरसिंगच्या ओसरीत मी लोकांना वास सांगत होतो. मधेच शब्द सुचेना. "मिरी" म्हणायचं होतं आणि तोंडातून काहीतरी दुसरंच आलं. उठलो तर तोल गेला, टेबलावरचे दोन ग्लास फुटले. लोक हसले. एक जण म्हणाला, काकांना आज चढली.

अक्षराने दंडाला धरून गाडीपाशी नेलं. माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अप्पा, गिळायचं न्हाई म्हणलं होतं ना?"

"न्हाई गिळली. थेंब न्हाई."

"वास येऊन राहिला, अप्पा. गोड, आंबूस. मला शिकवता काय वास? महिन्याभरात हे, तर वर्षभरात काय होईल? सगळे नातेवाईक याचीच वाट बघून राहिलेत."

मी डबी उघडली. लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि म्हणालो, "लिंगाची आण, अक्षरा."

तिने तळहाताकडे पाहिलं, मग तळ्याकडे. तिला खरं वाटलं नाही, हे मला स्वच्छ दिसलं. असा चेहरा बाहेरून कसा दिसतो ते मला आजवर माहीत नव्हतं. त्या दिवशी तो माझ्या मानेवर होता, समोर मृत्युंजय होता.

परतीच्या वाटेवर ती पुढे बजरंगजवळ बसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

कडक उपास धरला. पाण्याशिवाय काही नाही, पाणी मात्र माठभर. पोटात मळमळतंय.

मागच्या रविवारी अक्षराने मला नेलं नाही. "आराम करा" म्हणाली. येत्या रविवारी नेते म्हणाली, पण ग्लासला हात लावायचा नाही, फक्त हुंगायचं. मी हो म्हणालो. तिने मला कोंडलं नाही. एवढं ती माझ्याहून बरी.

पूजेच्या वेळी डबा उघडला. फडक्याला अजून करडईचा वास आहे. त्याचं लिंग पहिल्यांदाच डाव्या तळहातावर घेतलं. वजन माझ्या गळ्यातल्याइतकंच. पस्तीस वर्षं ते बिनपूजेचं राहिलं आणि तो तिकडे रिकामा हात पसरून बसला. तळ्याला आता बराच उतार आहे. रविवारी बरोबर नेईन, चिंचेपासून वीस पावलं नजरेने मोजेन आणि पाण्यात सोडेन. मग तरी त्याने पाणी मागणं थांबवावं.

त्याने पिऊन खोटी शपथ घेतली, हे मी अजून म्हणतो. पण शिक्षा पुरे झाली.

६ मार्च, गुरुवार. दवाखाना, लातूर

आज उशीला टेकून बसता येतंय. रविवारी काय झालं ते क्रमाने लिहितो.

नरसिंगकडे पोचलो तेव्हा तो गडबडीत होता. एक टाकी बिघडली होती. झाकण नीट बसलं नाही, हवा लागली. ओतून द्यायला त्याने मागच्या बाजूला नळ सोडला होता. लोक बघायला गेले, मीही गेलो.

तो वास आला.

गोडसर, आंबूस, नाकात चढणारा. तंतोतंत नाही, त्याच्या थोडा बाजूचा. पण आठ आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या नाकाने ओळख दिली. मी भिंत धरली.

सहलीला आरती म्हणून एक नर्स होती, नांदेडच्या दवाखान्यात काम करते. ती नाक मुरडून मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हा तर आपल्या वॉर्डातला वास. नेलपेंट काढायचं असतं तसा. शुगर लई वाढली की पेशंटच्या तोंडाला असाच येतो."

मी विचारलं, "काय वाढल्यावर?"

"शुगर, काका. मधुमेह. लोकांना वाटतं पिऊन आलाय. तोल जातो, बरळतो, अन् तोंडाला वास. मागल्या महिन्यात एका पोराला घरच्यांनी उतरंल म्हणून दोन दिवस घरातच निजवून ठेवलं. पाणी पाणी करत होतं बिचारं. आमच्याकडं आणलं तवा उशीर झाल्ता."

"मुंगळे येतात?"

"कुठं?"

"मोरीत."

"येतात की. लघवीत साखर जाते ना."

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, जवळ आली आणि वास घेतला. आईसाठी ठेवलेलं साखर मोजायचं मशीन तिच्या पर्समध्ये होतं. बोटाला टोचलं. आकडा बघून तिने अक्षराला हाक मारली, "ताई, गाडी काढा. काकांनी काही घेतलेलं न्हाई."

अक्षरा माझ्यासमोर खाली बसली. "अप्पा, तुम्ही आण घेतली होती," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांगायचं होतं की तुझी चूक पंधरा दिवसांत निस्तरली, पण जीभ वळत नव्हती.

बजरंग गाडी वळवत होता तेवढ्यात मी काठापर्यंत गेलो. खिशातून मृत्युंजयचं लिंग काढलं. चिंचेच्या आणखी फांद्या उघड्या पडल्या होत्या, वीस पावलांवर अजून बरंच खोल पाणी असेल. हात उचलला आणि मला जमलं नाही. त्याच्या हातातून मी हाताने घेतलं होतं. पाण्यात भिरकावलं तर ते त्याच्या तळहातावरच पडेल कशावरून? मूठ मिटून गाडीत बसलो. त्यानंतरचं आठवत नाही.

डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. नव्वद सालीही उदगीरला दवाखाना होता. घाण्यापासून चालत दहा मिनिटं.

१० मार्च, सोमवार. घरी

सकाळी-संध्याकाळी इंजेक्शन. तहान गेली. माठ अक्षराने परत स्वयंपाकघरात नेला. मला वाटलं होतं, तहान गेली की तोही जाईल. तसं झालेलं नाही. आता तो काही मागत नाही, नुसता बसलेला असतो. हे जास्त जड जातं.

माझं नाक एकदा चुकलं. एकदाच, पण ते तेल नव्हतं.

अक्षरा, पुढचं तुझ्यासाठी आहे. मृत्युंजय तुझा काका. तेरा जानेवारीचं पान वाच, सगळं तिथे आहे. तो कधी दारू प्यायला नाही. त्याने शपथ खरी घेतली होती, खोटं मी बोललो, लिंग हरवलं म्हणून. हे नातेवाइकांना सांग, माझं नाव घेऊन सांग.

सहली बंद करू नकोस. नरसिंगच्या ओसरीत बसशील तेव्हा चिंचेकडे बघून एकदा हात जोडत जा.

आणि माझी वेळ येईल तेव्हा माझं लिंग माझ्या गळ्यातच राहू दे. डाव्या तळहातावर त्याचं ठेव आणि बोटं नीट मिटव. जंगमस्वामी विचारतील, हे कोणाचं? सांग, ज्याचं आहे त्याला द्यायला घेऊन चाललेत.

शेजारी पाण्याचा एक तांब्या भरून ठेव. असं कोणी ठेवत नाही, हे मला माहीत आहे. तरी ठेव. मी दिसलो की तो आधी पाणी मागेल.